कोंबडी निजते कुठे?

कोंबडी नाहीशी झाली तर मुंगूस आणि खुराड्यात मरून पडलेली सापडली तर मानमोडी, एवढ्या दोनच निदानांवर गावोगावचं परसातलं कोंबडीपालन चाललेलं असतं. दोन्ही निदानं पुष्कळदा खरी निघतात. मुंगूस, बाऊल (रानमांजर), घूस, भटकं कुत्रं ही मंडळी फेरी मारून जातातच. आणि मानमोडी, म्हणजे सरकारी कागदावरचा राणीखेत रोग, एकदा शिरला की आठवड्याभरात अंगण मोकळं करतो. पण एप्रिल-मेतल्या एखाद्या सकाळी दार उघडावं तर दोन कोंबड्या पंख पसरून, चोच उघडी टाकून कोपऱ्यात पडलेल्या असतात. अंगावर दाताची खूण नाही, मान वाकडी नाही, हगवण नाही. किंवा श्रावणात सगळ्यांचे डोळे पाणावलेले, नाक वाहतंय, घशात घरघर. अशा वेळी शेजारीपाजारी ‘गारवा लागला’ म्हणतात आणि खुराड्याची उरलीसुरली फटही गोणपाटानं बुजवून टाकतात.

हल्लीचं खुराडं पाहिलं म्हणजे ते कुणाच्या भीतीपोटी बांधलंय हे लगेच कळतं. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे तयार खुराडी मांडलेली असतात: लोखंडी अँगलचा सांगाडा, चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढे कडीकुलपाचं दार आणि त्या दारात जाळीचा वीतभर तुकडा. वेल्डरला विचारा, तो गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक येतं ते रात्रीत चार कोंबड्या गमावून, संतापून, आणि त्याला हवी असते तिजोरी. ज्याच्याकडे पत्र्याचे पैसे नसतात तो विटांची चौकट उभारतो, वर जुना सिमेंटचा पत्रा टाकतो आणि वाऱ्यासाठी म्हणून एखादी वीट काढून ठेवतो. मुंगूस आत जात नाही हे खरं. आतली वाफ बाहेर पडत नाही हेही तितकंच खरं, पण वाफेला दात नसतात, त्यामुळे तिचा संताप कुणाला येत नाही.

याच माणसाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एखादी व्यापारी पोल्ट्री असते. पुणे-नाशिक रस्त्यावर, सांगली-विट्याकडे, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात अशा शेड सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गुडघाभर उंचीची भिंत, तिच्यावर थेट छपरापर्यंत जाळी. शेडची लांबी हवी तितकी, पण रुंदी साधारण तीस फुटांपलीकडे नेत नाहीत, कारण त्याहून रुंद शेडमध्ये पंख्याशिवाय वारा आरपार जात नाही. हजारो पक्ष्यांचा धंदा करणारा माणूस जाळीवर विसंबतो आणि दहा कोंबड्यांचा मालक पत्र्यावर, हा उलटा प्रकार पाहून मला नेहमी नवल वाटतं. व्यापाऱ्याला एका रात्रीच्या मरतुकीचा हिशेब रुपयांत मांडावा लागतो, म्हणून तो वाऱ्याची किंमत जाणतो.

आधीच्या पिढ्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला होता. कोकणात पडवीला लागून कारवीच्या कुडाचं खुराडं असे, वर गवत शाकारलेलं. देशावर बांबूचं डालं, रात्री पालथं घातलं की झालं. कुडातून हवा झिरपते, डाल्यातून तर वारा सरळ वाहतो. आणि बऱ्याच घरच्या कोंबड्या खुराड्यात जातच नसत. दिवेलागणीला आंब्यावर, फणसावर, शेवग्यावर चढत. दापोली-मंडणगडकडच्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या बायका आजही सांगतात की बाऊल काही रोज येत नाही, उकाडा मात्र रोज असतो. पण जुन्याचं कौतुक बेतानंच करावं. कुडावरचं शेणमातीचं लिंपण वाळून तडकलं की त्या भेगांत कोंबडीची गोचीड बिऱ्हाड थाटते. ती दिवसा दिसत नाही. रात्री बाहेर येऊन रक्त पिते, उजाडायच्या आत परत जाते, आणि महिनोन्‌महिने उपाशी जगू शकते. तिच्या चाव्यातून कोंबड्यांना ताप येतो, रक्त पातळ होतं, तुरा फिका पडतो. घरातले लोक दाणा बदलून पाहतात, औषध पाजतात, आणि गोचीड भेगेत सुखानं राहते.

मधल्या काळात कोंबडीही बदलली. गावठी कोंबडी किलो-सव्वा किलोची, चपळ, भिंतीवर उडी मारणारी. आता अंगणात बेंगळुरूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज असते, हैदराबादची वनराज असते, कुणाकडे कावेरी, कुणाकडे झाबुआचा कडकनाथ. जिल्हा परिषदेच्या योजनेत २५ तलंगा आणि ३ कोंबडे असा गट मिळतो. अठ्ठावीस पक्षी एकदम दारात उतरतात, तेव्हा खाद्याचा हिशेब झालेला असतो, लशीची चौकशी झालेली असते. ते रात्री कुठे बसणार हा विचार संध्याकाळी सुरू होतो.

खरा विचार रात्रीचाच करायला हवा. दिवसभर मोकळी हिंडणारी कोंबडी सांजेपासून उजाडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्मं आयुष्य, खुराड्यात काढते. अंधारात तिला फारसं दिसत नाही. एकदा काळोख पडला की जिथे असेल तिथे ती खिळून बसते. म्हणूनच चोराला ती हाताने उचलता येते आणि म्हणूनच उकडत असलं तरी ती जागा बदलत नाही. तिचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीत आढळतो तो राखाडी रानकोंबडा त्याचा भाऊबंद. पाळीव कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळेपणा या राखाडी पक्ष्याकडून आला असावा, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. दोन्ही रानकोंबडे दिवसा जमिनीवर चरतात आणि रात्र झाडावर काढतात. गिरिराजच्या पिल्लाला झाड कधी दिसलेलं नसतं, तरी काही आठवड्यांचं झालं की ते विटेवर, पाण्याच्या भांड्यावर, आईच्या पाठीवर चढून बसायला लागतं.

चढायला काही दिलंच नाही तर कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर रचून बसतात. खालच्या गुदमरतात, सगळ्यांच्या छातीची पिसं विष्ठेनं माखतात. नाहीतर त्या अंड्याच्या खोक्यात शिरतात आणि सकाळी अंडी धुवायची पाळी येते. रात्री बसायच्या दांडीचा पहिला नियम त्यामुळे असा की ती अंड्याच्या खोक्यांहून उंच हवी. कोंबडी सर्वांत उंच जागा शोधते. खोकं उंच असेल तर तिच्या दृष्टीनं तेच झाड.

दांडी कशाची, यावर गावात फार वाद होत नाहीत: हाताला येईल तो बांबू. बांबू टिकतो, स्वस्त पडतो. पण गुळगुळीत गोल बांबूवर जड कोंबडीचा पाय नीट बसत नाही. पाय दुमडून ती खाली बसली की पायामागचे स्नायुबंध ताणले जाऊन बोटं आपोआप मिटतात, दांडी धरून ठेवतात. त्यासाठी बोटांना पकड हवी, आणि छातीच्या हाडाला टेकायला थोडी सपाट जागा हवी. बारीक दांडीवर रोज रात्री सगळा भार एका रेषेवर आला तर ते हाड हळूहळू वाकडं होतं. दीड ते दोन इंच रुंदीची, कडा रंध्यानं गोल केलेली लाकडी पट्टी चांगली. सागवानाची गरज नाही. सुतारानं टाकून दिलेला जुन्या चौकटीचा तुकडाही चालतो, फक्त त्यात खिळे आणि भेगा नकोत. बांबूच वापरायचा असेल तर जाड घ्यावा, त्याच्या पेरांची धार तासावी आणि सुंभ गुंडाळू नये. सुंभाच्या वेढ्यांत लाल रंगाचे बारीक किडे घर करतात. तेही गोचिडीच्याच खानदानातले आणि त्यांचाही कारभार रात्रीचा. संशय आला तर रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर रक्ताचे ठिपके उमटले की समजावं. लोखंडी पाइप मात्र टाळावा. तो निसरडा असतो आणि थंडीत गार, उन्हाळ्यात गरम होतो.

परदेशी चित्रफिती पाहून काही हौशी लोक चार इंच रुंद फळी आडवी टाकतात. अमेरिकेच्या उत्तरेकडे बर्फात कोंबडीची बोटं गोठू नयेत, पिसांखाली झाकली जावीत, म्हणून ती सोय आहे. साताऱ्यात तिची गरज नाही. उलट रुंद फळीवर विष्ठा साठते आणि कोंबडी रात्रभर तिच्यात पाय रोवून बसते.

जागा किती लागते? युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमांत अंड्यांच्या कोंबडीला किमान १५ सेंटिमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० सेंटिमीटर आणि भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर सांगितलं आहे. ते किमान आहे आणि गार हवेच्या मुलखातलं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कोंबडी पंख अंगापासून दूर धरते, तेव्हा वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर जागा दिली तर शेजारणीचा घाम तिला लागत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण कोंबडीला घामच येत नाही, आणि पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्याआधी उंचीचं सांगून टाकतो. गावठीला चार फूट उंच दांडी दिली तरी ती हसत चढते. गिरिराज किंवा वनराजचा अडीच-तीन किलोचा कोंबडा तेवढ्यावरून रोज सकाळी टणक जमिनीवर आदळला तर त्याच्या तळव्याला इजा होते, ती जागा सुजते, आत पू धरतो आणि तो लंगडायला लागतो. अशांना फूट-दीड फूट पुरे. घरात दोन्ही जाती असल्या तर सगळ्या दांड्या एकाच, कमी उंचीवर ठेवाव्यात. पायऱ्यांसारख्या चढत्या दांड्या दिसायला छान दिसतात, पण सगळ्यात वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्ब या अभ्यासकानं १९२१ साली मांडलं; अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईनं त्याला ते फुकट सांगितलं असतं.

आता वारा. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. घामाच्या ग्रंथी नाहीत. तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि पाय यांतून थोडी उष्णता जाते. बाकीची धापून, फुप्फुसांतून पाण्याची वाफ बाहेर टाकून घालवावी लागते. भोवतालची हवा आधीच दमट असेल तर धापण्याचा उपयोग होत नाही. चंद्रपूरला पारा ४७ अंशांवर जातो, तरी तिथल्या कोरड्या हवेत सावली, पाणी आणि वारा मिळाला तर बरेच पक्षी तगतात. किनाऱ्यावर ३६ अंशांतही बंद खुराड्यातली कोंबडी मरते, कारण तिनं सोडलेली वाफ तिच्याच भोवती राहते. दहा कोंबड्या निजल्या म्हणजे जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आत रात्रभर पेटता ठेवल्यासारखं आहे. त्यात दिवसभर तापलेला पत्रा सूर्य मावळल्यावरही काही वेळ उष्णता खाली टाकत राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पक्षी कोंडतो. धापण्याचा आणखी एक परिणाम अंडी विकणाऱ्यांना परिचयाचा आहे, फक्त त्याचं कारण त्यांना माहीत नसतं: सतत धापल्यानं रक्तातला कर्बवायू कमी होतो, कवचासाठी लागणारं कार्बोनेट अपुरं पडतं आणि मे महिन्यात अंडी पातळ कवचाची येतात. लोक शिंपल्यांचा चुरा वाढवतात. त्यानं थोडा फरक पडतो, पण छपरावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारले तर मुळाशीच उपाय होतो.

पावसाळ्यातलं दुखणं निराळं. कोंबडीची विष्ठा ताजी असताना तीन चतुर्थांश पाणीच असते, आणि रात्रीची सगळी विष्ठा दांडीखाली एका पट्ट्यात पडते. विष्ठेतल्या यूरिक आम्लावर ओलाव्यात जिवाणू काम करतात आणि अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो २५ भागांच्या वर गेला की कोंबडीच्या श्वासनलिकेतली, धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारी बारीक केसाळ आवरणं खराब होतात, डोळे चुरचुरतात. श्रावणातली घरघर बऱ्याचदा इथे सुरू होते आणि रोगजंतू मागून येतात. पंचाईत अशी की रोज खुराड्यात वाकणाऱ्या माणसाच्या नाकाला तो वास सवयीचा होतो. पाहुण्याला वाकवावं. पहाटे दार उघडण्याआधी डोकं दांडीच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यायला सांगावं; त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर मोजमापाच्या यंत्राची गरज नाही. दुसरी खूण पत्र्याची. सकाळी छपराला आतून थेंब धरलेले दिसले तर रात्रीची वाफ कोंडलेली आहे.

गोम अशी आहे की कोंबडीला वारा हवा, पण झोत नको. मे महिन्यात झोतही चालतो. जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा थेट अंगावर येणारा वारा पिसं विस्कटतो, पिसांत धरून ठेवलेली उबदार हवा निघून जाते. म्हणून हिवाळ्यात वाट हवी ती पक्ष्यांच्या डोक्यावरून, छपरालगत. गरम, ओली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. इथे पोल्ट्रीवाल्यांचा पडदा पाहण्यासारखा आहे. तो खालून बांधलेला असतो आणि दोरीनं वर चढवतात, त्यामुळे कितीही चढवला तरी वरची फट उघडी राहते. परसात आपण गोणपाट वरून खाली सोडतो. वरची वाट बंद, खालची उघडी, आणि सगळा गारठा नेमका दांडीवर. गोणपाट तेच, खिळे फक्त खालच्या बाजूला ठोकायचे.

थंडीला घाबरून कोंडणं ही काही आपलीच खोड नाही. अमेरिकेत प्रिन्स वुड्स नावाच्या डॉक्टरानं १९१२ साली उघड्या तोंडाच्या कोंबडीघरांवर पुस्तक लिहिलं, ते तिथल्या बंद, कुबट खुराड्यांना वैतागूनच. त्याचं घर खोल आणि लांबट. तीन बाजू पक्क्या, दक्षिणेची बाजू जाळीची, दांड्या अगदी मागे. वारा तोंडाशी खेळतो, मागच्या टोकापर्यंत जोरानं पोचत नाही, तरी हवा बदलत राहते. बर्फाच्या मुलखात हे चालतं, तर लातूरमध्ये पत्र्याच्या पेटीचं समर्थन कसं करणार?

दहा कोंबड्यांसाठी, नुसतं रात्री निजायला, सहा बाय चार फुटांचं खुराडं धरू. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद टोकांवर पडतं. पश्चिमेचं टोक पूर्ण बंद. दुपारनंतरचं ऊन आणि पावसाची झोड दोन्ही तिकडून येतात. दोन्ही लांब बाजूंना दीड फूट भिंत किंवा फळ्या आणि त्यावर छपरापर्यंत जाळी. दार पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीपासून नऊ इंचांवर पहिली दांडी, तिच्यापुढे फूटभर अंतरावर दुसरी. चार-चार फुटांच्या या दोन दांड्यांवर दहाजणी मावतात. दांड्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, खाचेत नुसत्या बसवायच्या, म्हणजे महिन्यातून एकदा काढून उकळतं पाणी ओतून उन्हात टाकता येतात. छपराला एकीकडे उतार आणि उंच बाजूला वीतभर फट, तीही जाळीची. दांड्यांखाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं पसरावा, ओला पट्टा दिसला की तेवढाच उचलून खतात टाकावा. अंड्यांची दोन-तीन खोकी पूर्वेकडे, दांडीहून खाली, थोड्या अंधारात.

कोकणात याला दोन दुरुस्त्या लागतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे पडतो तिथे जमिनीवरचा भुसा आषाढात कोरडा राहत नाही. खुराडं खांबांवर दोन-अडीच फूट उचलावं, तळ बांबूच्या फटींचा करावा, विष्ठा खाली पडू द्यावी. आणि छप्पर भिंतीच्या बाहेर निदान दोन-तीन फूट काढावं. पागोळ्या जाळीपासून दूर पडल्या तर जाळी बंद करायची वेळ फार थोड्या दिवशी येते. त्या दिवसांसाठी नारळाच्या झावळ्यांची झापं पुरतात. प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी घट्ट बांधणं हा पावसाळ्यातला सर्वांत मोठा घात आहे, आणि जून उजाडला की तोच सर्वत्र दिसतो.

राहिला मुंगूस. सगळा खटाटोप त्याच्यामुळे सुरू झाला होता. पत्र्याला पर्याय म्हणून लोक षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडी-जाळी आणतात आणि ती फाटली की पुन्हा पत्र्याकडे वळतात. त्या जाळीचं काम कोंबडीला आत ठेवणं एवढंच. कुत्र्याचे दात किंवा बाऊलाचे पंजे तिला सोसत नाहीत. लागते ती अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश. तिच्यातून घुशीचं पिल्लू जात नाही, मोठा साप जात नाही, मुंगसाचं नाक अडकतं. ती खिळे वाकवून बसवू नये. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूनं आवळावी, कारण जनावर जाळी तोडत नाही, कडेनं उचकटतं. जमिनीवरचं खुराडं असेल तर तीच जाळी बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी, मातीखाली पुरावी; उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशी सुरुवात करतो आणि तिथे जाळी लागली की मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. पत्र्याहून ही जाळी महाग पडते, पण पत्रा फक्त पश्चिमेला आणि छपराला लागला तर एकूण खर्चात फार फरक राहत नाही.

यातलं काहीही मानमोडीवरचा उपाय नव्हे. पहिल्या आठवड्यातला लासोटा लशीचा डोळ्यातला थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यातलं इंजेक्शन चुकवून नुसत्या हवेशीर खुराड्यावर भिस्त ठेवली तर रोग येईल तेव्हा जाळीतूनही येईल.

आणि खुडूक कोंबडी या सगळ्या व्यवस्थेतून वगळावी. तिची पिल्लं दांडीवर चढू शकत नाहीत, ती त्यांना सोडून वर जात नाही, आणि बाकीच्यांच्या विष्ठेखाली तिला बसवणं बरं नव्हे. तिच्यासाठी वेगळ्या कोपऱ्यात जुनं डालंच ठीक. वर वजनाला दगड ठेवावा आणि रात्री ते घराच्या ओसरीत घ्यावं. पाच-सहा आठवड्यांनी पिल्लं डाल्यात मावेनाशी होतात, संध्याकाळी मोठ्यांच्या मागोमाग खुराड्यात घुसायला लागतात. पहिले काही दिवस त्यांना खालच्या बाजूला विटेवर आडवी ठेवलेली एक छोटी काठी द्यावी.